घरातील उष्णतेचा कारभार

थंड हवामानाच्या देशांत घर उबदार ठेवणे ही चैनीची बाब नसून जीविताची अट असते, आणि म्हणूनच तेथील गृहव्यवस्थेच्या इतिहासात अग्नी पेटविण्याच्या कलेइतकेच महत्त्व पेटलेल्या अग्नीवर अंमल बसविण्याच्या कलेलाही आहे. उष्णता किती असावी आणि ती केव्हा असावी, हे या अंमलाचे दोन मूलभूत प्रश्न होत. आज भिंतीवरच्या एका लहानशा नियंत्रकात ते एकत्र नांदताना दिसतात खरे. परंतु ते एकत्र येण्यास जवळजवळ तीन शतके लागली, आणि ज्याला आपल्या घरासाठी असा नियंत्रक निवडावयाचा आहे त्याने हा इतिहास ध्यानी घेतला तर त्याची निवड अधिक सुज्ञपणाची होईल, अशी माझी धारणा आहे.

पहिल्या प्रश्नाचा विचार माणसाच्या सुखासाठी नव्हे, तर पक्ष्यांच्या अंड्यांसाठी झाला. हॉलंडातील आल्कमार येथे जन्मलेला आणि इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयास राहिलेला कॉर्नेलिस ड्रेबेल याने सतराव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत अंडी उबविण्याची अशी भट्टी सिद्ध केली की, उष्णता वाढताच नळीतील द्रव प्रसरण पावून पाऱ्याला रेटी व धुराची झडप मिटे, आणि उष्णता उतरताच ती पुन्हा उघडे. पुढे १७७७ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोनमँ याने त्याच कामासाठी नळांतून फिरणाऱ्या उष्ण पाण्याची योजना केली आणि शिसे व लोखंड यांच्या विषम प्रसरणावर चालणारा नियामक तिच्या दिमतीस दिला. १८३० साली अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनज्ञाने, दोन धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडल्या असता उष्णतेने त्या वाकतात या तत्त्वावरील उपकरणाचे पेटंट मिळविले. त्याच्या दृष्टीसमोर समशीतोष्ण हवेची गरज असलेल्या कापडगिरण्या होत्या.

या ज्ञानाचा लाभ राहत्या घरास मिळाला तो अमेरिकेत. विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वर्ग तापले की गारठले हे पाहण्यासाठी शिपायास वारंवार वर्गात यावे लागे आणि नंतर तळघरात उतरून झडपा फिरवाव्या लागत. या व्यत्ययाने अस्वस्थ झालेल्या वॉरन जॉन्सन या प्राध्यापकाने तळघरात विजेची घंटा वाजवून वर्दी देणारे साधन निर्माण केले व १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. मात्र घंटा ऐकून हालचाल करावयाची ती अद्याप माणसानेच. ही उणीव मिनिआपोलिसच्या अल्बर्ट बुट्झ याने भरून काढली: खोली गार होताच त्याच्या यंत्रातील विद्युत्मंडल जुळे, चाक अर्धा फेरा घेई, आणि साखळीने ओढलेली भट्टीची झडप आपोआप उघडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच नियामकाला घड्याळ जोडले गेले, रात्री उष्णता उतरवून पहाटे ती पुन्हा चढविण्याची सोय झाली, आणि ‘किती’ व ‘केव्हा’ हे दोन प्रश्न प्रथमच एका उपकरणाच्या अखत्यारीत आले.

ब्रिटनमध्ये या सुधारणेस विलंब लागला, कारण तेथे खोलीखोलीतून दगडी कोळशाच्या शेगडीचीच वहिवाट होती. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस लंडनवर ठाण मांडून बसलेल्या विषारी धुरक्याने हजारो माणसे दगावली. त्यातून कोळशाच्या धुरास आवर घालणारा १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९६५ साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला, आणि १९६७ पासून पुढील दशकभर घरोघरची उपकरणे या वायूवर चालतील अशी बदलून देण्याची प्रचंड मोहीम पार पडली. आता शेगड्यांची जागा घेणाऱ्या एकाच बॉयलरवर दोन कामे सोपविली गेली: रेडिएटर तापविणे आणि स्नानासाठी तांब्याच्या टाकीतील पाणी तापविणे. आपल्याकडील बंबात पाणी जसे निखाऱ्यांच्या नळीभोवती तापते, तसे या टाकीत ते बॉयलरकडून आलेल्या नळीच्या वेटोळ्याभोवती तापते. जुन्या रचनेत उष्ण पाणी टाकीकडे स्वाभाविक गतीने चढे आणि पंप केवळ रेडिएटरांसाठी असे. त्यामुळे पाणी तापविल्यावाचून घर तापविण्याची मुभाच नव्हती, आणि त्या काळच्या नियंत्रकांवर ‘केवळ पाणी’ आणि ‘दोन्ही’ एवढेच पर्याय असत. विजेच्या मोटारीने फिरणाऱ्या झडपा आल्या, तेव्हा ही परतंत्रता संपली व दोन्ही कामांची वेळापत्रके स्वतंत्र झाली. चोवीस तासांच्या तबकडीवरील सरकत्या खुंट्या जाऊन आठवड्याच्या प्रत्येक वारास वेगळी आज्ञा देणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले, ते त्यानंतर.

अशा वेळापत्रकांनी साधणाऱ्या उष्णतेच्या काटकसरीस एका बाबतीत मात्र मर्यादा आहे. १९७६ साली फिलाडेल्फिया येथे पसरलेल्या घातक ज्वराच्या शोधातून लिजिओनेला हा जंतू उजेडात आला. कोमट साठवणीत तो वाढतो, म्हणून टाकीतील पाणी ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविणे हा आरोग्याचा दंडक ठरला आहे.

तेव्हा नियंत्रक घेणाऱ्याने प्रथम आपल्या घरची रचना तपासावी. पाण्याची टाकी असेल तर पाणी आणि घर यांची वेळापत्रके पृथक् ठेवणारा नियंत्रक घ्यावा; नळ उघडताच पाणी तापवून देणारा बॉयलर असेल तर पाण्याच्या वेळापत्रकासाठी व्यर्थ पैसे मोजू नयेत. कामाच्या पाळ्या बदलणाऱ्या कुटुंबास वारनिहाय आज्ञा स्वीकारणारे उपकरण हितकर. ज्यांची दिनचर्या ठरलेली आहे त्यांना साधे उपकरण पुरे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरातील वयोवृद्ध माणसास ज्याचे आकडे वाचता येतात आणि ज्याची आज्ञा स्वतःच्या हाताने बदलता येते, तोच नियंत्रक त्या घरास योग्य समजावा; कारण थंडीचा पहिला आघात त्याच माणसावर होतो.