लंडन किती लांब?

मुंबई ते लंडन सरळ मोजलं तर साधारण ७,२०० किलोमीटर. या मार्गाची गोष्ट नेहमी वेगाची म्हणून सांगतात. मला ती परवानग्यांची वाटते.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली. सात दिवस लागत, आणि म्हणायचा हवाई प्रवास! क्रॉयडनहून विमानाने बाझेल, तिथून आगगाडीने आल्प्सपार जिनोआ, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया, पुढे कैरोहून आणखी एक विमान. लवकरच इटलीशी बिनसलं, मग काही वर्षं पॅरिस ते ब्रिंडिसी आगगाडीच. १९३२ मध्ये इराणने आपल्या किनाऱ्यावरची वाट बंद केली, तशी विमानं आखाताच्या अरबी बाजूने बहारीन, शारजा करत येऊ लागली. रात्री मुक्काम ठरलेला. शारजाला त्यासाठी बांधलेलं विश्रामगृह बुरुजांसकट गढीसारखं होतं.

मुंबई या वाटेवर नव्हतीच. कराचीला उतरलेली विलायती डाक इकडे आणायला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा पुस मॉथ हे चिमुकलं विमान घेऊन निघाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. दुपारी विमान जुहूला टेकलं. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचलं की सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलची ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेली. सात दिवसांचे आता दोनच झाले होते. थांबे मात्र सुटले नव्हते, आणि जिनिव्हाच्या वाटेवर आल्प्समधला माँ ब्लां पर्वत उभा होता. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हीच ‘मलबार प्रिन्सेस’ त्यावर आदळली. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आलं, वेळ आणखी घटला, पण जिनिव्हाचा थांबा राहिला. २४ जानेवारी १९६६ ला ‘कांचनजंगा’ त्याच डोंगरावर कोसळलं. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा त्यातच गेले. दोन्ही विमानं जिनिव्हाला उतरायच्या बेतात होती, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

पुढे लांब पल्ल्याची विमानं आली, मधले थांबे गळाले आणि प्रवास नऊ-साडेनऊ तासांवर आला. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी, म्हणून थोडा आणखी कमी.

पण यंत्राने कमावलेला वेळ राजकारण परत घेतं. २०२२ पासून युक्रेनचं आकाश बंद. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या हद्दीत मज्जाव केला. मुंबईच्या विमानाला अरबी समुद्रावरून ओमानकडे वळता येतं, म्हणून आपल्याला झळ कमी. दिल्लीची विमानं आधी गुजरातेकडे खाली येतात आणि मग पश्चिमेला वळतात. अमेरिकेच्या वाटेवरची काही तर इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली.