कासवांच्या किनाऱ्यावरील परदेशी स्वयंसेवक : कोस्टा रिकातील सागरी कासव संवर्धनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

'स्वयंसेवक' हा शब्द महाराष्ट्रात उच्चारला की श्रमदान, दुष्काळातील मदतकार्य किंवा राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे डोळ्यांसमोर येतात. आपला वेळ व श्रम विनामोबदला देणारी व्यक्ती हा त्या शब्दाचा रूढ अर्थ होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र स्वयंसेवकाचा एक निराळा प्रकार जगाच्या अनेक भागांत उदयास आला. हा स्वयंसेवक स्वखर्चाने परदेशी जातो, तेथील वन्यजीव संवर्धन प्रकल्पाला शुल्क देतो, काही आठवडे राबतो आणि मायदेशी परततो. समुद्री कासवांचे संवर्धन हे या प्रकाराचे एक प्रमुख क्षेत्र ठरले, आणि मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा देश त्याचे ठळक उदाहरण ठरला.

सदर निबंधात १९५५ ते २०१६ या कालखंडातील कोस्टा रिकाच्या अनुभवाचा विचार केला आहे. परदेशी स्वयंसेवकाने या किनाऱ्यांना नेमके काय दिले, त्याचे कार्य कोणाच्या आधारावर उभे राहिले आणि त्या कार्यातील जोखीम कोणाच्या वाट्याला आली, हे तीन प्रश्न येथे महत्त्वाचे मानले आहेत. परदेशी स्वयंसेवकाचे योगदान खरे आहे. परंतु प्रत्येक टप्प्यावर ते स्थानिक माणसाच्या ज्ञानावर आणि श्रमावर आधारलेले होते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका : वेलादोरांचा किनारा

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन बाजूस तोर्तुगेरो हा सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा वालुकामय किनारा आहे. त्याच्या नावातच कासवासाठीचा स्पॅनिश शब्द दडलेला आहे. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत हिरवी समुद्री कासवे येथे मोठ्या संख्येने अंडी घालण्यास येतात. उलथे टाकलेले कासव जहाजावर कित्येक दिवस जिवंत राहत असल्याने कॅरिबियन समुद्रातील खलाशांना शतकानुशतके ते ताज्या मांसाचा पुरवठा करीत आले. पुढे लंडनमधील मेजवान्यांत कासवाच्या सूपाला प्रतिष्ठा मिळाली आणि या प्राण्याला दूरची बाजारपेठ लाभली.

विसाव्या शतकाच्या मध्यास तोर्तुगेरोच्या किनाऱ्याची एकेका मैलाच्या पट्ट्यांत वाटणी होत असे. प्रत्येक पट्ट्यावर एक 'वेलादोर', म्हणजे रात्र जागून काढणारा राखणदार, नेमलेला असे. अंधारात किनारा तुडवणे, वर आलेली मादी हेरणे आणि तिला पाठीवर उलथी करणे हे त्याचे काम. पुढे अशी कासवे तरंगत्या लाकडाला बांधून समुद्रातील बोटींकडे नेली जात. पुढील काळात स्वयंसेवकांनी रात्रीची जी गस्त घातली ती याच वाळूवर, याच ऋतूत आणि याच पद्धतीने. फरक होता तो मादी सापडल्यानंतरच्या कृतीत.

पहिला टप्पा : विज्ञान आणि मित्रमंडळ (१९५५–१९७०)

फ्लॉरिडा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार (१९०९–१९८७) यांनी १९५५ मध्ये तोर्तुगेरो येथे कासवांना खुणेच्या पट्ट्या लावण्यास प्रारंभ केला. कासव दूरवर स्थलांतर करून पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर परतते, ही समजूत केमन बेटांवरील कासव पकडणाऱ्या खलाशांत जुनीच होती. कार यांनी ती गांभीर्याने घेतली आणि तिची शास्त्रीय पडताळणी आरंभली. आरंभी तारेने कवचाला बांधलेल्या पट्ट्या मीलनाच्या वेळी निखळून पडू लागल्या. त्यानंतर गुरांच्या कानांना लावतात तशा धातूच्या पट्ट्या कासवाच्या पुढच्या वल्ह्यांना लावण्यात आल्या.

पट्टी परत पाठविणाऱ्यास पाच डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. या पट्ट्या प्रामुख्याने परत आल्या त्या निकाराग्वाच्या मिस्किटो किनाऱ्यावरून, म्हणजेच कासवे पकडून खाणाऱ्या मच्छीमारांकडून. तोर्तुगेरोच्या कासवांची चरण्याची कुरणे कोठे आहेत, हे विज्ञानाला अशा रीतीने शिकाऱ्यांच्या हातून कळले. संवर्धनाच्या इतिहासात शिकारी सामान्यतः खलनायकाच्या भूमिकेत येतो. येथे तो नकळत विज्ञानाचा सहकारी झाला होता.

कार यांचा 'द विंडवर्ड रोड' हा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून प्रभावित झालेल्या जोशुआ पॉवर्स यांनी त्याच्या प्रती आपल्या मित्रांना पाठविल्या आणि 'ब्रदरहुड ऑफ द ग्रीन टर्टल' नावाचे एक हौशी मंडळ स्थापन केले. यातूनच १९५९ मध्ये कॅरिबियन कॉन्झर्व्हेशन कॉर्पोरेशन ही संस्था आकारास आली. २०१० मध्ये तिचे नाव सी टर्टल कॉन्झर्व्हन्सी असे झाले. परदेशी सहभागाचे हे आरंभीचे रूप वर्गणीदाराचे होते. किनाऱ्यावर प्रत्यक्ष राबणारे हात मुख्यतः विद्यार्थ्यांचे आणि गावकऱ्यांचे होते.

१९६०च्या दशकात याच संस्थेने अमेरिकी नौदलाच्या विमानांतून तोर्तुगेरोची अंडी व पिल्ले कॅरिबियन समुद्रातील अनेक किनाऱ्यांवर पोहोचविण्याचा उपक्रम राबविला. त्यातून अंडी घालणाऱ्या नव्या वसाहती उभ्या राहिल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. मोठी यंत्रणा आणि उदात्त हेतू यांच्या बळावर निसर्गाची दीर्घकालीन लय बदलता येत नाही, हा धडा मात्र त्यातून मिळाला.

दुसरा टप्पा : कायदा, उद्यान आणि शुल्क देणारा स्वयंसेवक (१९७०–२०००)

तोर्तुगेरोला १९७० मध्ये शासकीय आदेशाने आणि १९७५ मध्ये कायद्याने राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. याच सुमारास स्वयंसेवेचे स्वरूपही बदलत होते. १९७१ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेल्या, पुढे 'अर्थवॉच' या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने सामान्य नागरिकाला शास्त्रीय मोहिमेत सहभागी करून घेण्याची एक व्यवस्था उभी केली. सहभागी व्यक्तीने मोहिमेच्या खर्चाचा वाटा उचलायचा आणि संशोधकाच्या हाताखाली काम करायचे, असे तिचे सूत्र होते. निधीची चणचण असलेल्या संशोधकांना त्यामुळे मनुष्यबळ आणि पैसा एकाच मार्गाने मिळू लागला. कोस्टा रिकात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आस्वो या संस्थेने देशी-परदेशी स्वयंसेवकांना राष्ट्रीय उद्यानांच्या व संरक्षित क्षेत्रांच्या कामाशी जोडले.

या व्यवस्थेची फलनिष्पत्ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. समुद्री कासवाला प्रौढ होण्यास काही दशके लागतात. त्यामुळे एखाद्या संरक्षण-उपायाचा परिणाम मोजण्यासाठी तितक्याच दीर्घ काळाच्या अखंड नोंदी लागतात. रोज रात्री किनारा चालणे, घरटी मोजणे, कवच मापणे ही कंटाळवाणी कामे वर्षानुवर्षे अखंड चालू राहिली, याचे मोठे श्रेय दरवर्षी येणाऱ्या नव्या स्वयंसेवकांना द्यावे लागते. या नोंदींच्या आधारे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रोएंग व रँकिन यांच्या अभ्यासानुसार १९७१ ते २००३ या काळात तोर्तुगेरो येथील घरट्यांत ४१७ टक्के वाढ झाली होती. १९९९ ते २००३ या वर्षांत घरट्यांची वार्षिक सरासरी सुमारे १,०४,००० होती.

तथापि या वाढीचे कारण केवळ गस्त नव्हे. लिमोन येथील मच्छीमारांना ठरावीक संख्येने कासवे पकडण्याची मुभा देणारा आदेश १९९९ मध्ये कोस्टा रिकाच्या घटनात्मक न्यायपीठाने रद्द केला. तत्पूर्वी १९९० पासून तोर्तुगेरो गावातील तरुणांना वाटाड्याचे प्रशिक्षण देण्यास आरंभ झाला होता. 'वेलादोर' ज्या वाळूवर कासव उलथे करीत होते, त्याच वाळूवर पुढच्या पिढीतील माणसे ते पर्यटकांना दाखवून उपजीविका करू लागली. २००४ मधील एका अभ्यासाने तोर्तुगेरो येथील कासव-पर्यटनाचे एकूण वार्षिक उत्पन्न सुमारे ६७ लाख डॉलर असल्याचा अंदाज मांडला. जिवंत कासव गावाला अधिक लाभदायक ठरले, तेव्हाच संरक्षणाला स्थानिक पाया मिळाला.

गस्तीच्या मर्यादाही याच काळात उघड झाल्या. पॅसिफिक किनाऱ्यावरील प्लाया ग्रांदे येथे लेदरबॅक कासवांच्या अभ्यासात स्वयंसेवकांनी मोलाचे साहाय्य केले. तरीही २००० साली 'नेचर' या नियतकालिकात स्पोटिला व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे धक्कादायक होते. १९८८-८९ च्या हंगामात तेथे १,३६७ माद्या आल्या होत्या. १९९८-९९ मध्ये ती संख्या ११७ वर आली. मागील दशकांतील अंड्यांची लूट आणि खोल समुद्रातील मासेमारीत होणारे मृत्यू ही त्याची प्रमुख कारणे होती. किनारा राखला तरी समुद्र राखला जात नाही, हे सत्य स्वयंसेवकांनी केलेल्या नोंदींनीच समोर आणले.

एक वेगळी वाट : ओस्तिओनाल आणि वेळास

परदेशी स्वयंसेवकावर मुख्य भिस्त न ठेवणारे प्रारूपही कोस्टा रिकातच घडले. पॅसिफिक किनाऱ्यावरील ओस्तिओनाल येथे ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. नंतर येणाऱ्या माद्या आधीची घरटी उकरतात व पुष्कळ अंडी वाया जातात. हे लक्षात घेऊन १९८७ पासून गावकऱ्यांच्या संघटनेला अशा सामूहिक आगमनाच्या आरंभीची अंडी ठरावीक मुदतीत गोळा करून विकण्याचा कायदेशीर अधिकार देण्यात आला. त्या बदल्यात किनाऱ्याची राखण व स्वच्छता ही गावाची जबाबदारी ठरली. या व्यवस्थेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु राखणदार आणि लाभार्थी एकच असावा, हे तिचे तत्त्व विचारार्ह आहे.

याच प्रजातीची कासवे कोकण किनाऱ्यावरही येतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या सहभागाने घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव आणि घरगुती निवासव्यवस्था यांतून गावाला उत्पन्न मिळू लागले. येथे अंडी विकली जात नाहीत, हा ओस्तिओनालपेक्षा मूलभूत भेद आहे. मात्र रात्री व पहाटे किनारा चालणारा माणूस गावातलाच असतो, हे साम्य लक्षणीय आहे.

तिसरा टप्पा : मोइनची रात्र

लिमोन शहराजवळील मोइन हा किनारा राष्ट्रीय उद्यानाच्या संरक्षणाबाहेर होता. तेथे लेदरबॅक कासवे अंडी घालीत. अंडीचोरांच्या टोळ्या आणि अमली पदार्थांची वाहतूक यांचाही तेथे वावर होता. या किनाऱ्यावर हायरो मोरा सान्दोवाल हे २६ वर्षांचे तरुण परदेशी स्वयंसेवकांसह रात्रीची गस्त घालीत. पनामाच्या सीमेजवळील गान्दोका या गावी, कासव संवर्धनाच्या वातावरणातच, ते लहानाचे मोठे झाले होते. किनाऱ्यावरील धोक्याविषयी त्यांनी जाहीरपणे आवाज उठविला होता आणि पोलीस संरक्षणाची मागणी केली होती.

३० मे २०१३ च्या रात्री ते चार परदेशी तरुणींसह गस्तीवर असताना सशस्त्र टोळीने त्यांना अडविले. त्या तरुणी बंदिवासातून सुटल्या. मोरा यांचा मृतदेह दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सापडला. जानेवारी २०१५ मध्ये सर्व सात आरोपी खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटले. या निकालावर तीव्र टीका झाली. फेरसुनावणीनंतर मार्च २०१६ मध्ये चौघांना दोषी ठरविण्यात आले. गान्दोका-मांसानिलो येथील वन्यजीव आश्रयस्थानाला पुढे मोरा यांचे नाव देण्यात आले.

या घटनेचा अर्थ केवळ गुन्हेगारीच्या चौकटीत लावणे अपुरे ठरेल. किनाऱ्यावर माणसे दिसली की चोर दूर राहतात, या गृहीतकावर गस्तीची सारी पद्धत उभी होती. कायद्याची यंत्रणा पाठीशी नसेल तर ते गृहीतक कोसळते, हे मोइनने दाखवून दिले. त्या रात्रीचा धोका परदेशी तरुणींनाही चुकला नाही, आणि त्यांच्या धैर्याची नोंद घेतलीच पाहिजे. परंतु त्यांच्यासाठी तो काही आठवड्यांच्या मुक्कामातील धोका होता. मोरा यांच्यासाठी तो प्रत्येक हंगामातील होता. त्यांचा चेहरा चोरांना परिचित होता आणि परत जाण्यासाठी त्यांच्यापाशी दुसरा देश नव्हता.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, परदेशी स्वयंसेवकाने कासवांच्या किनाऱ्याला नोंदी, निधी आणि उपस्थिती या तीन गोष्टी दिल्या. त्यांपैकी नोंदींचे मोल सर्वांत टिकाऊ ठरले. तोर्तुगेरो येथील घरट्यांत अलीकडे पुन्हा घट होत असल्याचे जे निदर्शनास आले आहे, तेही याच अखंड नोंदींमुळे. दुसरा निष्कर्ष असा की, निधी आणि उपस्थिती या गोष्टी परावलंबी असतात. २०२० मध्ये महासाथीमुळे आंतरराष्ट्रीय प्रवास थांबला, तेव्हा शुल्कावर चालणाऱ्या प्रकल्पांचा हा दुबळेपणा पुन्हा प्रत्ययास आला.

तिसरा निष्कर्ष इतिहासलेखनाशी संबंधित आहे. या किनाऱ्यांच्या इतिहासात शास्त्रज्ञाचे नाव येते, संस्थेचे येते, स्वयंसेवकांची संख्या येते. पट्टी परत पाठविणारा मिस्किटो मच्छीमार, वाटाड्या झालेला गावकरी आणि गस्तीच्या अग्रभागी चालणारा स्थानिक तरुण यांची नोंद मात्र तुटक राहते. मोरा यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर. संवर्धन-प्रकल्पाचे मूल्यमापन करताना बाहेरून किती स्वयंसेवक आले याबरोबरच, ते परतल्यानंतर किनाऱ्यावर कोण उरले आणि त्याच्या सुरक्षिततेची व उपजीविकेची हमी कोणी घेतली, हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे. आपल्या महाविद्यालयांतून निसर्ग शिबिरांसाठी विद्यार्थी पाठविताना हाच प्रश्न आपल्यालाही लागू पडतो.