व्हिटबीचे काळे दागिने

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, एस्क नदी जेथे उत्तर समुद्राला मिळते तेथे, व्हिटबी नावाचे एक लहानसे बंदर आहे. वाचकांपैकी पुष्कळांना ते ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीमुळे ठाऊक असेल, काहींना कॅप्टन कुकमुळे. आम्हांला येथे त्या गावाच्या एका निराळ्याच वैभवाविषयी लिहायचे आहे. जीवाश्मांपासून हाताने दागिने घडवण्याचा धंदा या गावात एकोणिसाव्या शतकात असा काही फोफावला की कड्यांत बोगदे खणणाऱ्यांपासून झिलई करणाऱ्या पोरांपर्यंत निम्मेअधिक गाव त्याच्या आसपास वावरू लागले. आणि पन्नास वर्षांच्या आत तो ओसरूनही गेला. या चढउताराचे कारण म्हणून एका राणीच्या शोकाचे नाव घेतले जाते. ते कितपत खरे, हे पाहण्याजोगे आहे.

व्हिटबीच्या कड्यांत दोन प्रकारचे जीवाश्म विपुल सापडतात. पहिला अमोनाइट. गोगलगाईसारखे वेटोळे शिंपले असलेला, पण कुळाने माकुळाच्या जवळचा असा हा समुद्रप्राणी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला. मेंढ्याची शिंगे धारण करणाऱ्या अमोन या इजिप्शियन देवावरून त्याला नाव मिळाले. व्हिटबीच्या लोकांना मात्र त्यात शिंग दिसले नाही, साप दिसला. इ. स. ६५७ मध्ये येथे मठ स्थापन करणाऱ्या हिल्डा या संत स्त्रीने त्या जागेवरचे सारे साप प्रार्थनेच्या बळावर दगड करून टाकले, अशी कथा रूढ झाली. वॉल्टर स्कॉटने 'मार्मियन' (१८०८) या काव्यात ती घेतल्यामुळे ती देशभर पोचली. अडचण एवढीच होती की या सापांना डोकी नव्हती. त्याचाही खुलासा लोककथेने केला: डोकी दुसऱ्या एका संताच्या, कथबर्टच्या, शापाने झडली. पण खुलाशाने गिऱ्हाइकाचे समाधान होत नाही. तेव्हा गावातल्या कारागिरांनी अमोनाइटच्या बाहेरच्या टोकाला कोरून डोके काढले, डोळे काढले, आणि 'सर्पशिला' म्हणून ते प्रवाशांना विकले. व्हिटबीच्या नगरचिन्हात आजही अशा डोकेवाल्या तीन सर्पशिला आहेत. १८६७ मध्ये अल्फियस हायट या अमेरिकन शास्त्रज्ञाने अमोनाइटच्या एका प्रजातिसमूहाला 'हिल्डोसेरस' हे नाव दिले, तेव्हा संत हिल्डा शास्त्राच्या वहीतही दाखल झाली.

मराठी वाचकाला येथे शाळिग्रामाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. नेपाळातील काली गंडकीच्या पात्रात मिळणारा शाळिग्राम हाही पुष्कळदा अमोनाइटच असतो. तोही जुरासिक काळातला, तोही काळ्या शेलच्या खडकातून निघालेला. आपल्याकडे वेटोळ्यात चक्र दिसले, आणि चक्र दिसल्यावर विष्णू. तुळशीच्या लग्नात जो नवरदेव असतो त्याच्या पाषाण होण्यामागेही एका स्त्रीची वाणी आहे: वृंदेने विष्णूला दगड होण्याचा शाप दिला, तो कपटाने तिचे पातिव्रत्य भंगले आणि तिचा पती जालंधर मारला गेला म्हणून. एकाच कुळातला प्राणी, आणि दोन टोकांना दोन स्त्रियांनी दगड केलेला. फरक असा की शाळिग्रामाला कोणी डोके जोडले नाही. ज्याला चक्र हवे त्याला ते दगडातच मिळत होते. व्हिटबीच्या कारागिराला कथा आणि दगड यांतले अंतर छिन्नीने भरून काढावे लागले. आणि लोकांना जे पाहायचे आहे ते दगडातून काढून देण्याची ही हातोटीच पुढे त्या गावाच्या कामी आली.

दुसरा जीवाश्म म्हणजे जेट. हा खरे तर दगड नव्हे, लाकूड आहे. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी अरॉकेरिया कुळातल्या, म्हणजे आपल्या बागांतून ज्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात त्याच्या नात्यातल्या, वृक्षांचे ओंडके वाहत समुद्रात आले, जड होऊन तळाच्या गाळात रुतले, आणि प्राणवायू नसलेल्या त्या चिखलात कुजण्याऐवजी दाबाने काळेभोर झाले. जेट वजनाला पाण्याहून थोडेसेच जड असते, हाताला ऊबदार लागते, लोकरीवर घासले की कागदाचे कपटे ओढून घेते, आणि विस्तवात धरले तर दगडी कोळशासारखे जळते. आठव्या शतकात बीड या मठवासी इतिहासकाराने ब्रिटनच्या संपत्तीत त्याची गणना केली आहे आणि ते तापवले असता साप पळून जातात असे नोंदवले आहे. एकाच कड्यात साप आणि सापाचा उतारा असे दोन्ही मिळावेत, हा योगायोग आम्हांला मोठा मौजेचा वाटतो.

जेटचे अलंकार फार जुने आहेत. स्कॉटलंडमधील कांस्ययुगीन थडग्यांत व्हिटबीच्या जेटचे अनेकपदरी हार मिळाले, ते चार हजार वर्षांपूर्वीचे. रोमन काळात यॉर्क हे त्याचे केंद्र होते. तेथे मेड्यूसाचे मुख कोरलेली पदके घडत. म्हणजे जेटवर सापांचे केस असलेली बाई कोरण्याची हौसही जुनीच. मधली शतके क्रूस आणि जपमाळा यांवर निभावली.

आधुनिक धंद्याची सुरुवात १८०० च्या सुमारास झाली. तोवर गावातले एकदोघे सुरीने आणि कानशीने जेटचे मणी व क्रूस करीत. ट्रेम्लेट नावाच्या एका निवृत्त आरमारी अधिकाऱ्याने हे काम लेथवर होईल असे सुचवले, आणि झाले. १८३२ मध्ये गावात दोन कारखाने आणि पंचवीस माणसे या कामावर होती. १८३६ मध्ये व्हिटबी-पिकरिंग रेल्वे सुरू झाली. प्रथम डबे घोडे ओढत, पुढे १८४७ मध्ये वाफेचे इंजिन आले. समुद्रस्नानाला येणारे प्रवासी घरी नेण्यासाठी काहीतरी शोधतच असतात. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात व्हिटबीचे जेट मांडले गेले आणि युरोपातल्या राजघराण्यांचे लक्ष त्याकडे गेले.

हे सारे घडले तेव्हा प्रिन्स अल्बर्ट हयात होता. तो वारला १४ डिसेंबर १८६१ रोजी. म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या वैधव्याने हा धंदा जन्माला घातला असे जे सर्रास लिहिले जाते, ते आम्हांला मान्य नाही. राणीने त्याला उधाण आणले, एवढे खरे. तिने मरेपर्यंत, म्हणजे जानेवारी १९०१ पर्यंत, काळी वस्त्रे सोडली नाहीत, आणि दरबारापासून मध्यमवर्गापर्यंत शोकाची एक संहिताच पक्की झाली. विधवेने दोन ते अडीच वर्षे दुखवटा पाळायचा. आरंभीच्या काळात चकाकणारे रत्न चालायचे नाही, काळवंडलेले जेट चालायचे. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ पासून 'जेज' नावाचे केवळ दुखवट्याच्या मालाचे प्रचंड दुकान होते. शोक ही तेव्हाच्या इंग्लंडात खरेदीची बाब होती. शिवाय फॅशनही जेटच्या पथ्यावर पडली. त्या काळच्या घेरदार झग्यांवर नाजूक दागिना हरवून जाई. सोन्यात किंवा दगडात जो ऐवज गळ्याला जड झाला असता तो जेटमध्ये सहज पेलवे. बोटाएवढ्या जाड साखळ्या, तळहाताएवढी लॉकेटे, खांद्यावर टेकणारी कर्णभूषणे त्यामुळेच शक्य झाली. अमोनाइटही या कामात आले: जेटच्या ब्रूचमध्ये मधोमध झिलई केलेला छोटा अमोनाइट बसवलेले नमुने आज जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसतात. जीवाश्माच्या कोंदणात जीवाश्म.

१८७० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे चौदा-पंधराशे लोक या धंद्यात होते. कड्यांत आडवे बोगदे मारून मजूर जेटचे पापुद्रे काढीत. पापुदरा क्वचितच काही इंचांहून जाड असे, आणि बोगद्यात कित्येक दिवस काहीच न मिळणे हे नित्याचे. कारखान्यात वरची साल पटाशीने उडवायची, सहाणेवर आकार द्यायचा, मग सुरीने कोरायचे. कोरणारा गुलाबाची पाकळी काढताना हात थोडा जड करील तर तुकडा गेलाच. शेवटी लोहाच्या ऑक्साइडची लाल भुकटी तेलात कालवून झिलई करायची. ही भुकटी कपड्यांत, केसांत, नाकात जाई, आणि संध्याकाळी झिलईवाले घरी निघत ते नखशिखांत लाल होऊन. काळ्या दागिन्यामागे लाल माणूस होता, हे लंडनच्या दिवाणखान्यात कोणाच्या गावी नसे.

ज्या दशकांत इंग्लंडातील विधवा जेटचे हार घालत होत्या, त्याच दशकांत महाराष्ट्रातील सवर्ण विधवेच्या अंगावरून दागिने उतरवले जात होते. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा झाला तरी बांगड्या फुटतच राहिल्या. आपल्याकडे तर काळे मणी हे सौभाग्याचे; तेच प्रथम काढायचे. एका समाजाने वैधव्य अंगावर चढवले, दुसऱ्याने ते अंगावरून ओरबाडले. दोन्हीकडे बाईकडे पाहताच तिची अवस्था वाचता यावी हा हेतू एकच. पुरुषाला मात्र इंग्लंडात काळा पट्टा पुरे होता आणि महाराष्ट्रात तोही नको होता. तरीही दोन्ही चाली सारख्याच होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंग्रज विधवेच्या दुखवट्याला मुदत होती, ती संपली की जेट पेटीत जाई. आपल्याकडे मुदत नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीला विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला तो २०२२ च्या मे महिन्यात.

व्हिटबीचा उतार मात्र शोक कमी झाल्याने सुरू झाला नाही. मागणी फार वाढल्याने सुरू झाला. कठीण आणि चिवट जेट पुरेना, तेव्हा मऊ जेट आणि स्पेनहून आणलेला स्वस्त माल वापरात आला. तो दिसायला तसाच, पण उन्हाथंडीत त्याला चिरा जात. गिऱ्हाइकाने नाव व्हिटबीचे ऐकलेले असे, म्हणून बदनाम झाली तीही व्हिटबीच. दुसऱ्या बाजूने नकली माल आला: 'फ्रेंच जेट' म्हणून काळी काच, आयर्लंडच्या दलदलीतले काळे ओक, आणि गंधक घालून कडक केलेले रबर, म्हणजे व्हल्कनाइट. साच्यात ओतून एका दिवसात शेकडो नग निघत असताना कोरीव गुलाबाला कोण थांबणार? १८८० च्या दशकात फॅशन हलक्या, नाजूक दागिन्यांकडे वळली आणि कामगारांची संख्या काही शेकड्यांवर आली. पहिल्या महायुद्धात घरोघरी इतकी माणसे गेली की दुखवट्याची जुनी संहिता पाळणेच अशक्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या परंपरेतले जेमतेम एकदोन कारागीर उरले. पुढे काही नव्या हातांनी हे काम पुन्हा उचलले. आज व्हिटबीत जेटची दुकाने आहेत, आणि त्यांचा माल बव्हंशी वादळानंतर किनाऱ्यावर वाहून आलेल्या तुकड्यांतून येतो.

जुने दागिने पारखण्याची रीत सोपी आहे. काच गालाला थंड लागते आणि हातात जड भरते. जेट न चकाकवलेल्या चिनी मातीवर घासले तर तपकिरी रेघ उमटते. व्हल्कनाइटही तपकिरी रेघ देतो, आणि म्हणून तेथे फसगत होते. पण तो चोळला की गंधकाचा वास येतो, आणि उजेडात ठेवला की वर्षानुवर्षांनी स्वतःच तपकिरी पडतो. ज्या घरांना खरे जेट परवडले नाही, त्यांच्या विधवांनी हाच घातला होता. दीडशे वर्षांनंतर आज एकाच पेटीत दोन्ही शेजारी ठेवले, तर कोणते कोणत्या घरातले हे दिव्याशिवाय दिसते.