मोटरहोमची बॅटरी: शंभर वर्षांची उसनवारी

मोटरहोममध्ये बॅटऱ्या दोन प्रकारच्या असतात. एक इंजिनाला स्टार्टर मारण्यासाठी आणि दुसरी आतल्या घरासाठी, म्हणजे दिवे, पाण्याचा पंप, पंखे आणि अलीकडे फ्रिज-मायक्रोवेव्हसाठीसुद्धा. गाडीमागे ओढत न्यायच्या ट्रेलर-घरात फक्त ही दुसरी असते. अमेरिकेत तिला हाउस बॅटरी म्हणतात. ती कोणती घ्यावी हा प्रश्न तिथल्या भटक्या पर्यटकांना जवळजवळ शतकभर पडत आला आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी धंद्यातून उसने आणावे लागले: मोटारीतून, गोल्फच्या मैदानावरून, शिडाच्या होड्यांतून, विमानांतून. फिरत्या घरासाठी म्हणून मुद्दाम बनवलेली बॅटरी फार उशिरा आली.

सुरुवातीला तर बॅटरीचा प्रश्नच नव्हता. 1910 साली पिअर्स-ॲरो कंपनीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘टूरिंग लँडाऊ’ नावाची श्रीमंती गाडी मांडली. तिची मागची सीट उघडली की बिछाना होई. सामान्यांच्या मोटार-सहली मात्र तंबू, कंदील आणि बर्फाच्या पेटीवर चालत. 1919 मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही अशा सहलकऱ्यांची संघटना निघाली, तेव्हाही मुक्कामावरचा उजेड बहुधा तेलाच्या दिव्याचाच असे. त्याच सुमारास मोटारीच्या पोटात मात्र वीज शिरत होती. चार्ल्स केटरिंगने केलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकमध्ये बसला, हॅन्डल मारण्याची कटकट गेली, आणि पुढच्या दशकभरात बहुतेक मोटारींत शिसे-आम्लाची बॅटरी आली. मुक्कामावर एखादा दिवा लावायचा तर तिच्यावरच तार जोडणे ही सर्वांत सोपी युक्ती होती.

ती युक्ती अंगाशी येई, आणि त्याचे कारण बॅटरीच्या बांधणीत होते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शिसे आणि गंधकाम्लाची पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. 1881 मध्ये कामीय फोरने प्लेटवर शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापण्याची रीत काढल्यावर ती कारखान्यात निघू लागली. पुढे तिला दोन वाटा फुटल्या. स्टार्टरला काही सेकंद शेकडो अँपिअर लागतात, म्हणून मोटारीच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ घालतात, म्हणजे आम्लाला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. ही बॅटरी इंजिन सुरू करताना जेमतेम दोन-चार टक्के रिती होते आणि डायनामो तिला लगेच भरतो. पण तिलाच रात्रभर दिवे ओढायला लावले तर पातळ प्लेटांवरचा लगदा दर वेळी फुगतो, आकसतो आणि झडून तळाशी साचतो. अशा पंचवीस-पन्नास रात्रींत चांगली बॅटरीही हात टेकते. दिवसेंदिवस खोलवर रिती होऊन पुन्हा भरायची तर प्लेटा जाड हव्यात आणि त्यांची जाळी अँटिमनी मिसळून कडक केलेली हवी. हा फरक बॅटरी बनवणाऱ्यांना माहीत होता, पण सहलीला निघणाऱ्याला दुकानात मिळे ती पातळ प्लेटांचीच.

1936 मध्ये वॉली बायमच्या एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ हा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर आला. त्यात चौघांची झोपण्याची सोय होती, स्वतःचे पाणी होते आणि विजेचे दिवेही होते. त्या काळच्या अनेक ट्रेलरांत दिव्यांच्या तारा दुहेरी असत: छावणीत खांबावरची 110 व्होल्टची वीज मिळाली तर एक संच, नाही तर मोटारीच्या 6 व्होल्टवर दुसरा. 1950 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी मोटारी 12 व्होल्टवर गेल्या आणि त्यांच्यामागून फिरती घरेही गेली. आजही बहुतेक फिरत्या घरांतली घरगुती वीज 12 व्होल्टची आहे, ती या वारशामुळे. दिवसभर घर चालवायला हा दाब फार सोयीचा नाही. त्याच कामाला दुप्पट दाबावर निम्माच प्रवाह लागला असता आणि तारा पातळ चालल्या असत्या.

युद्धानंतर फिरत्या घरांचा धंदा जोमाने वाढला. आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबागो कंपनीने 1966 मध्ये मोटरहोम बनवायला घेतली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. तरीही घराची बॅटरी लहानच राहिली, कारण तिच्यावर फारसे कामच नव्हते. फ्रिज प्रोपेन गॅसवर चाले. ज्योतीच्या उष्णतेने थंडावा निर्माण करणारे हे यंत्र बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये केले होते. शेगडी, गिझर आणि खोली तापवायची भट्टीही गॅसवरच. 1962 मध्ये माँटानातल्या बिलिंग्ज इथे केओए कंपनीची पहिली छावणी सुरू झाली आणि तशा छावण्यांचे जाळे देशभर पसरले. तिथे वीज-पाण्याचे जोड तयार असत. जोड नसेल तिथे मोठ्या मोटरहोमातला ओनानचा जनरेटर घरघरू लागे. अशा परिस्थितीत विक्रेत्याने ट्रेलरच्या जुवावर, गॅसच्या टाक्यांशेजारी, काळ्या प्लास्टिकच्या खोक्यात पट्ट्याने आवळलेली एक साधी बॅटरी दिली की त्याचे काम संपे.

अडचण येई ती जोड नसलेल्या ठिकाणी, आणि तीही थंडीत. जुन्या ट्रेलरमधला मोटारीच्या दिव्यासारखा एक बल्ब साधारण दीड अँपिअर ओढी. असे चार बल्ब चार तास जळले की 24 अँपिअर-तास गेले. भट्टी गॅसची खरी, पण तिचा पंखा विजेचा आणि सात-आठ अँपिअरचा. कडाक्याच्या रात्री तो आठ तासांपैकी निम्मा वेळ फिरला तरी आणखी 30 जातात. पंप आणि किरकोळ खर्च धरून साठीच्या पुढे आकडा जातो. विक्रेत्याने दिलेली बॅटरी बहुधा 75-80 अँपिअर-तासांची, आणि ती टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची. पहाटे व्होल्टेज उतरले की पंखा मंदावे. पंख्याच्या वाऱ्याने एक छोटी पट्टी उचलली गेल्याशिवाय गॅसची झडप उघडत नाही, ही भट्टीतली सुरक्षेची योजना. त्यामुळे टाकीत भरपूर गॅस असूनही घर गार पडे. कित्येकांनी बॅटरीचा अभ्यास सुरू केला तो अशा एका पहाटेनंतर.

यातून बाहेर काढले ते गोल्फने. लॉस एंजेलिस परिसरातल्या ट्रोजन या 1925 पासूनच्या बॅटरी कंपनीने 1952 मध्ये ‘ऑटोएट’ या विजेच्या छोट्या गाडीसाठी जाड प्लेटांची बॅटरी तयार केली आणि ती गोल्फच्या गाड्यांत रूढ झाली. दिवसभर मैदानावर फिरून रिती व्हायचे आणि रात्री भरायचे हा तिचा दिनक्रम फिरत्या घराला तंतोतंत लागू पडणारा होता. ट्रोजनची टी-105 ही 6 व्होल्टची बॅटरी सुमारे 225 अँपिअर-तासांची आणि 28 किलोंची. अशा दोन एकापुढे एक जोडल्या की 12 व्होल्ट मिळतात. निम्म्यापर्यंतच रिकामी करण्याचे पथ्य पाळले तर ही जोडी हजाराच्या आसपास फेऱ्या देते. 6 व्होल्टच्या दोन घ्याव्यात की 12 च्या दोन समांतर जोडाव्यात, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. सहा व्होल्टवाल्यांची बाजू मुळात भक्कम होती, कारण तीनच मोठे कप्पे असल्याने प्लेटा जाड बसतात. मात्र दोघींपैकी एक मेली की सगळा अंधार, हा विरोधकांचा मुद्दाही खोटा नव्हता. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातल्या घरांत इन्व्हर्टरखाली येऊन बसलेली ट्यूब्युलर बॅटरी याच कुळातली, वारंवार खोलवर रिती होण्यासाठी बांधलेली.

या बॅटरीने मालकाला कामाला लावले. दर महिन्याला झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचे. रबरी फुगा दाबून हायड्रोमीटरच्या काचनळीत आम्ल ओढायचे आणि आतला तरंगक कुठे थांबतो ते पाहायचे: 1.27 च्या आसपास म्हणजे भरलेली, 1.2 च्याही खाली म्हणजे अर्धी संपली. एखाद्या कप्प्याचा आकडा इतरांपेक्षा बराच खाली असला तर तो कप्पा जायच्या बेतात आहे. अर्धवट भरून ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचे खडे बसतात, आणि रिकामी ठेवली तर कडक हिवाळ्यात गोठून फुटते. भरताना निघणारा हायड्रोजन स्फोटक, त्यामुळे ती झोपायच्या जागेत ठेवता येत नाही. जुन्या गाड्यांतले चार्जर ओबडधोबड होते. ते एकाच दाबाने वीज रेटत, म्हणून छावणीत महिनाभर जोडून ठेवलेल्या बॅटऱ्यांचे पाणी उकळून जाई.

1983 मध्ये अमेरिकी सरकारच्या भूमी व्यवस्थापन खात्याने ॲरिझोनातल्या क्वार्टझाइट गावाजवळ ला पोसा इथे दीर्घ मुक्कामाचे क्षेत्र आखून दिले. तिथे 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असे सात महिने तळ ठोकता येतो, पण विजेचा जोड नाही. उत्तरेकडच्या थंडीला कंटाळलेले निवृत्त लोक तिथे हजारोंनी उतरू लागले आणि वाळवंटाचे ऊन त्यांना फुकट मिळाले. आर्को कंपनीने कॅलिफोर्नियाच्या करिझो पठारावर उभारलेले मोठे सौर केंद्र 1990 च्या दशकात मोडीत निघाले, तेव्हा तिथल्या पट्ट्या जुन्या बाजारात विकायला आल्या. आरशांनी वाढवलेल्या उन्हाने काचेखालचा थर तपकिरी पडला होता, तरी त्या वीज देत होत्या. सौर पट्ट्यांमुळे बॅटरी निवडायची रीतच बदलली. आधी दिवसभराचा खर्च अँपिअर-तासांत मांडायचा, मग त्याच्या दुप्पट-तिप्पट बॅटरी आणि त्या प्रमाणात पट्ट्या. हे गणित शिडाच्या होड्यांवर राहणाऱ्यांनी आधीच घोटून ठेवले होते. डेव्हिड स्मीड आणि रूथ इशिहारा यांचे 12 व्होल्टवर जगण्याविषयीचे पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठी होते. आधी जोरात, मग स्थिर दाबाने, शेवटी मंद, असे टप्प्याटप्प्याने भरणारे चार्जर फिरत्या घरांत स्थिरावले, त्यातही होडीवाल्यांचा वाटा मोठा.

पाणी घालण्याच्या कटकटीवर दोन उपाय निघाले. जर्मनीत झोनेनशाइन कंपनीच्या ओटो याखेने 1957 मध्ये आम्ल घट्ट करून जेल बॅटरी केली. ती सांडत नव्हती, पण दाब थोडा जास्त झाला की जेलमध्ये कायमचे बुडबुडे पडत. फिरत्या घरांतल्या अडाणी चार्जरांशी तिचे जमणे कठीणच होते. दुसरा उपाय आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवण्याचा. डेन्व्हरच्या गेट्स रबर कंपनीने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तो प्रत्यक्षात आणला आणि विमानांत, सैन्यात त्याची परीक्षा झाली. ही एजीएम बॅटरी आडवी ठेवता येते, पलंगाखाली बसते आणि भराभर वीज घेते. किंमत मात्र गोल्फच्या बॅटरीच्या दुपटीच्या घरात. ज्याला पाणी घालण्याचा आळस नव्हता त्याला ती घेण्याचे सबळ कारण क्वचितच होते.

लिथियमबद्दल सुरुवातीला भीती होती, आणि ती निराधार नव्हती. 1991 मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या कोबाल्टच्या लिथियम बॅटरीला आग लागू शकते. फिरत्या घरांना उपयोगी पडले ते वेगळे रसायन. टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी 1997 मध्ये लोह-फॉस्फेटवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या फॉस्फरस-ऑक्सिजनची जोड इतकी घट्ट असते की बॅटरी तापली तरी ऑक्सिजन सहजी सुटत नाही. गुडइनफना 2019 चे नोबेल मिळाले, ते लिथियम-आयन बॅटरीवरील एकंदर कामाबद्दल. या रसायनाच्या प्रत्येक घटाला 3.2 व्होल्ट असतात. चार घट जोडले की 12.8, म्हणजे जुन्या 12 व्होल्टच्या जागी चपखल. 2010 च्या सुमारास काही हौशी मंडळींनी विजेच्या वाहनांसाठी निघालेले चिनी घट आणून घरीच संच बांधायला सुरुवात केली. ही शेवटची मोठी उसनवारी. मग नेवाडातल्या रीनोमधून बॅटल बॉर्नसारख्या तयार बॅटऱ्या येऊ लागल्या: 100 अँपिअर-तास, वजन साधारण 14 किलो, आणि जवळजवळ सगळी वीज वापरता येण्याजोगी. अशा दोन बॅटऱ्या टी-105 च्या जोडीच्या निम्म्या वजनात तिच्या दीडपट-दुप्पट उपयोगी वीज देतात आणि हजारो फेऱ्या टिकतात.

पण ही अदलाबदल दिसते तितकी सरळ नव्हती. शून्य अंशाखाली लिथियम भरली तर आत धातूचे थर जमून ती कायमची बिघडते. जुनी बॅटरी जुवावरच्या खोक्यात उघड्यावर चालत होती, हिला आत ऊबदार जागा हवी किंवा स्वतःचा हीटर. शिवाय तिचा अंतर्गत रोध इतका कमी की इंजिनाच्या आल्टरनेटरमधून ती झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढून त्याला तापवते. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो. नवी बॅटरी घेणाऱ्याचा खर्च बॅटरीवर थांबत नाही, ही गोष्ट जाहिरातीत ठळक छापली जात नाही.

दरम्यान भारही बदलला. दीड अँपिअरच्या बल्बची जागा दोन-तीन वॅटच्या एलईडीने घेतली, त्यामुळे दिव्यांचा खर्च नगण्य झाला. उलट गॅसच्या फ्रिजच्या जागी 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आला, लॅपटॉप आणि इंटरनेट आले, काही ठिकाणी विजेची शेगडी आणि एसीसुद्धा. 2021 मध्ये, साथीच्या काळात, अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक फिरती घरे बाहेर पडली आणि ती घेणाऱ्यांतल्या अनेकांना रस्त्यावरून नोकरी करायची होती. मोठ्या गाड्यांत 48 व्होल्टचे संच बसू लागले. 2023 मध्ये विनेबागोने फ्लोरिडातली लिथिऑनिक्स ही बॅटरी कंपनीच विकत घेतली. स्वस्त ट्रेलर मात्र अजूनही विक्रेत्याकडून जुवावरच्या काळ्या खोक्यात पाण्याची शिसे-आम्ल बॅटरी घेऊनच निघतात. जोड असलेल्या छावणीतून तशाच दुसऱ्या छावणीत जाणाऱ्या कुटुंबाला तेवढी पुरते, आणि ती लिथियमच्या बॅटरीहून स्वस्तही पडते.