निनावी चिठ्ठ्या, र. धों. कर्वे आणि हजेरीपट

मरोळला आमच्या ऑफिसात दरवर्षी एक सेन्सिटायझेशनचं सेशन असतं. एलजीबीटी म्हणजे काय, कुणाशी कसं बोलावं वगैरे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे, नाव न घालता. ही एचआरची आयडिया आहे असं समजू नका मंडळी. मुंबईत हा प्रकार नव्वद वर्षांहून जुना आहे!

र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार थांबवेनात, म्हणून विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये वारले तोवर चालवलं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असायची. प्रौढ शिक्षण म्हटलं की आपल्याला पाटी, कंदील आणि रात्रशाळा आठवते. पण घरात, मित्रांत, डॉक्टरकडेही जे विचारायची सोय नाही ते मोठ्या माणसाने विचारावं आणि त्याला सरळ उत्तर मिळावं, हे प्रौढ शिक्षण नाही तर काय? विचारणाऱ्यांत समलिंगी संबंधांबद्दल विचारणारेही होते.

१९३४ मध्ये याच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुद्दा साधा होता: मासिक लैंगिक शिक्षणाचं आहे, वाचक विचारणार, तर उत्तर द्यायलाच हवं. समलिंगी आकर्षणाबाबत त्यांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार घेतला. तेही कलम ३७७ जोरात असताना! खटला हरले, २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र चालूच राहिलं.

पुढे सरकारी मोहिमा आल्या. १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, मग १९८८ चं साक्षरता मिशन. मिशनच्या 'कार्यात्मक साक्षरते'च्या व्याख्येत छोट्या कुटुंबाचा आदर्शही होता. म्हणजे नवरा, बायको, मोजकी मुलं. आमच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशनमध्ये हा युजरच नव्हता.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा 'इतर' हा पर्याय आला. ४,८७,८०३ जणांची नोंद झाली आणि त्यांतली साक्षरता निघाली सुमारे ५६ टक्के. देशाची ७३ होती. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांना मान्यता दिली, २०१८ मध्ये ३७७ ची धार गेली. २०१९ च्या कायद्याने सर्वसमावेशक शिक्षणाची व्याख्या केली ती अशी, की तृतीयपंथी विद्यार्थी इतरांसोबतच, छळाच्या भीतीशिवाय शिकतील.

आता समजा, शाळा सुटलेल्या अशा कुणाला तिशीत दहावीला बसायचंय. १७ नंबरचा फॉर्म भरायचा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. दाखल्यावर नाव कुठलं? ज्या नावाने वर्गात चिडवलं जायचं तेच. रात्रशाळेत जायचं तर हजेरीलाही तेच पुकारणार, चाळीस जणांसमोर.

हजेरीपटात 'हाक मारायचं नाव' असा एक कॉलम वाढवता येतो. दाखल्यावरचं नाव ऑफिसच्या फाइलमध्ये राहू दे. कुठल्या रात्रशाळेला हे एक्सेलमध्ये करून हवं असेल तर सांगा, शनिवारी मी मोकळाच असतो.