काळी धूळ, आजार आणि कायद्याची तारीख



खदानीवरचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायचे, हे चिखल्यातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. पाणी काळं झालं की ते आपण अंगणाच्या कडेला ओततो. त्या काळ्या पाण्यातल्या मँगनीजचा आणि कायद्याचा इतिहास आज सांगणार आहोत. तो थेट आपल्या घरात येऊन थांबतो.

सुरुवात मात्र फार लांबची आहे. १८३७ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात मँगनीजचा दगड दळणारे काही मजूर आजारी पडले. कूपर नावाच्या डॉक्टरांनी त्यांची हकीकत लिहून ठेवली: पायांतला जोर गेलेला, चालताना शरीर पुढे झुकलेलं, आवाज पुटपुटल्यासारखा बारीक, तोंडातून लाळ. श्वासातून आत गेलेली धूळच याला कारण आहे, असं त्यांनी म्हटलं. आपल्या मुलखात मँगनीज काढणारी पहिली मोठी कंपनी, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, स्थापन झाली १८९६ मध्ये. म्हणजे आजाराची माहिती आधी झाली आणि कंपनी नंतर आली. पुढे १९६२ मध्ये सरकार भागीदार झालं, आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. तीच आजची मॉयल.

कायदा आला १९२३ मध्ये, कामगार नुकसानभरपाईचा. काम करताना हात तुटला, दरड पडली, तर मालकाने भरपाई द्यायची. त्यात एक फार मोलाची गोष्ट होती. कामामुळे होणाऱ्या काही आजारांची यादी कायद्याला जोडली होती, आणि यादीतला आजार झाला तर तो अपघातच धरायचा, असं ठरलं. मालक निष्काळजी होता हे मजुराने सिद्ध करायची गरज उरली नाही. पुढे या यादीत मँगनीजमुळे होणारे आजारही आले. अशा कामावर सलग सहा महिने असताना तो आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असं धरलं जातं. तसं नाही, हे दाखवायचं ओझं मालकावर.

मग अडतं कुठे? तारखेवर.

दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. पण धुळीचा आजार दरड पडावी तसा एका दिवशी येत नाही. म्हणून कायद्याने तारीख धरायची रीत सांगितली. आजारामुळे माणूस सलग कामावर जाऊ शकला नाही, तर त्यातला पहिला दिवस हीच अपघाताची तारीख. आणि काम सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती पहिल्यांदा लक्षात आली तो दिवस. उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त दावा ऐकूही शकतात, पण त्या भरवशावर बसू नये.

आता सांगा, घरात लक्षणं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येतात? मँगनीजच्या आजारात आधी स्वभाव बदलतो. झोप बिघडते, चिडचिड होते, कारण नसताना हसू किंवा रडू येतं. मग चेहरा ताठरतो, आवाज बसतो, उलटं पाऊल टाकताना तोल जातो. आपल्याकडे अशा माणसाला ‘लागलं काहीतरी’ म्हणतात, नाहीतर दारूवर ढकलून विषय संपवतात. डॉक्टरही कधी नुसता कंपवात लिहून मोकळे होतील. चिखल्यात अमक्याला हा आजार आहेच, असं आम्ही म्हणत नाही. ते तपासणीनेच ठरतं. पण डॉक्टरांना ‘मँगनीजच्या खदानीत इतकी वर्षं काम केलं आहे’ हे सांगायचं, आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचं.

जुने कागद फेकू नका. १९५५ च्या खाण नियमांनुसार कामगाराची कामाला लागताना आणि पुढे पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासणी होते. तो तपासणीचा कागद, हजेरी, पगाराची पावती, ठेकेदाराचं कार्ड, सगळं जपा. माणूस ठेकेदाराचा होता म्हणून मूळ मालक सुटत नाही. आणि ‘भरपाई मागणार नाही’ असं कुणी लिहून घेतलं असेल, तर तो कागद कायद्यापुढे रद्द आहे. १९९५ पासून दावा आपण राहतो त्या भागातल्या आयुक्तांकडेही करता येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. आजारांची यादी तिथेही आहे.

त्याच १९९५ साली, ॲस्बेस्टॉसच्या कामगारांसाठी गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा मूलभूत हक्क मानला. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं, किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यांत जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवायला सांगितलं.

जो खदानीत कामाला नाही, पण शेजारी राहतो, त्याचा रस्ता वेगळा. तो भोपाळमधून निघाला. १९८४ च्या वायुगळतीनंतर १९८९ मध्ये सरकार आणि कंपनीत सत्तेचाळीस कोटी डॉलरची तडजोड झाली, पीडितांना न विचारता. तिथल्या गॅस पीडित महिला उद्योग संघटनेच्या बाया त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्याआधी, दिल्लीतल्या वायुगळतीच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं की धोक्याचा धंदा करणाऱ्याने नुकसान भरून द्यायचंच, सबब चालणार नाही. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आलं. पाणी, हवा बिघडून इजा झाली तर कामगार सोडून इतर कुणालाही तिथे भरपाई मागता येते, पाच वर्षांच्या आत. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ पुण्याला आहे.

पुणं लांब आहे, वकील महाग आहे, हे आम्हालाही कळतं. म्हणून सुरुवात भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे वकील फुकट मिळतो, घरची मिळकत कितीही असो. जाताना चिठ्ठी आणि कार्ड सोबत न्या, आणि धन्याचा आवाज कधीपासून बसला, ते कागदावर लिहून न्या.