ठिगळ की नवे कापड? डेबियनचा जुना पेच

'स्थिर' या शब्दाला संगणकाच्या जगात एक वेगळा इतिहास आहे. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन या मुक्त प्रणालीने तो घडवला. तिची स्थिर आवृत्ती निघाली, की त्यातील हजारो प्रोग्रॅम आहेत तिथेच थांबतात. पुढे एखाद्यात सुरक्षेचे भगदाड सापडले, तर नवी आवृत्ती आणायची नाही; तिच्यातली फक्त दुरुस्ती काढून जुन्या कोडला ठिगळासारखी जोडायची. कारण साधे आहे. नव्या आवृत्तीबरोबर नव्या सवयी येतात आणि नव्या चुकाही. रुग्णालयाचा किंवा बँकेचा सर्व्हर अशा प्रयोगासाठी नसतो.

पण ठिगळ लावणाऱ्याला कापड कळले नाही तर? २००६ साली डेबियनच्याच एका बदलात 'ओपन-एसएसएल'मधल्या काही ओळी निरुपयोगी समजून काढल्या गेल्या. एका तपासणी साधनाने त्यांवर बोट ठेवले होते, एवढेच निमित्त. गुप्त किल्ल्यांना लागणारी यादृच्छिकता त्याच ओळींतून येत होती. मग प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी जेमतेम ३२ हजार शक्यता उरल्या, आणि हे उघड झाले मे २००८ मध्ये. तोवर बनलेल्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या.

म्हणजे नवे तेच बरे का? तसेही नाही. एप्रिल २०१४ मध्ये त्याच ओपन-एसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' सापडले. हा दोष १.०.१ मालिकेत नव्याने आला होता. जुनी ०.९.८ मालिका वापरणारी डेबियन ६ त्यातून सुटली. डेबियन ७ ला मात्र फटका बसला. तिथे ठिगळच लावले गेले आणि आवृत्तीचा आकडा १.०.१ई हाच राहिला. नुसता आकडा पाहणाऱ्यांना दुरुस्त झालेला सर्व्हरही धोक्याचा वाटे, तो यामुळेच.

ब्राउझरच्या बाबतीत मात्र डेबियनने हात टेकले. फायरफॉक्सचा कोड इतक्या वेगाने बदलत होता, की दुरुस्त्या मागे नेऊन जोडणे आवाक्याबाहेर गेले. २०१३ पासून स्थिर आवृत्तीतही मोझिलाची दीर्घकाळ सांभाळली जाणारी नवी आवृत्तीच घेतली जाऊ लागली. इतर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती हवी असणाऱ्यांसाठी २०१० मध्येच 'बॅकपोर्ट्स' हे वेगळे भांडार अधिकृत झाले होते. ज्याला हवे त्याने मागून घ्यावे, इतरांवर लादू नये, अशी ती व्यवस्था.

या इतिहासातून जुने विरुद्ध नवे असा निवाडा निघत नाही. निघतो तो एक प्रश्न: हा कोड खरोखर समजणारा माणूस कुठे आहे? तो जुन्या आवृत्तीपाशी असेल तर ठिगळ टिकते. तो नव्याकडे निघून गेला असेल, तर आपणही निघालेले बरे. स्थिरता आकड्यात नसते. ती कुणीतरी रोज जागून सांभाळलेली असते.